अग्निशामकांचा गौरव : शौर्य, दीर्घ सेवा आणि नेतृत्व

समाज आपल्या सेवकांचा गौरव कोणत्या निमित्ताने व कोणत्या कसोटीवर करतो, ह्यावरून त्या सेवेचे स्वरूप त्याला कितपत उमगले आहे, हे समजते. सैनिकाचा, शिक्षकाचा किंवा वैद्याचा गौरव करण्याच्या परंपरा बऱ्याच जुन्या आहेत व त्यांच्या कसोट्याही बहुतांशी ठरून गेल्या आहेत. अग्निशामकाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. आग भडकली म्हणजे ज्याच्या वाटेकडे सारे गाव डोळे लावून बसते, त्याचे नाव आग विझल्यानंतर सहसा कोणी विचारीत नाही. मराठीत ह्या सेवेची जी नावे लोकांच्या तोंडी बसली, तीही यंत्रावरून पडलेली आहेत. 'बंब आला' असे म्हणतात, दलाच्या ठाण्याला 'बंबखाना' म्हणतात. बंबाबरोबर माणसेही येतात, ही गोष्ट जणू अध्याहृतच राहते.

ह्या सेवेच्या गौरवाचा विचार करताना तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून पाहाव्या लागतात. पहिली, एखाद्या प्रसंगी दाखविलेले शौर्य. दुसरी, अनेक वर्षांची निष्ठापूर्वक सेवा. आणि तिसरी, दल घडविणारे व नगराला शिस्त लावणारे नेतृत्व. गौरवसमारंभातील भाषणांत ह्या तिन्हींचा उच्चार एका दमात होतो. वस्तुतः त्यांचे पुरावे भिन्न आहेत, त्यांची मापे भिन्न आहेत, आणि एकीला प्राधान्य दिले असता दुसरीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. हा भेद कसा उत्पन्न झाला व त्याचे परिणाम काय होतात, हे काही ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. प्राचीन व्यवस्था : दंड, संशय आणि नागरिकत्व

आगीपासून नगराचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होय, ही कल्पना प्राचीन आहे; परंतु ते कर्तव्य बजावणाऱ्याचा गौरव करावा, ही कल्पना त्या मानाने अर्वाचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नागरकाची कर्तव्ये सांगताना आगीविषयीचे नियम तपशिलाने दिलेले आहेत. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या वेळी विस्तव पेटविण्यास मनाई आहे. घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आकडा, चामड्याची पखाल इत्यादी साधने सिद्ध ठेवावीत, अशी आज्ञा आहे. पेटलेल्या घराकडे धावून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण दंड सांगितला आहे. ह्या व्यवस्थेत आग विझविणे हे सर्व नागरिकांवरील समान ओझे आहे. त्यात चुकणाऱ्यास शिक्षा आहे, परंतु ते उत्तम रीतीने पार पाडणाऱ्यास पारितोषिक नाही. जेथे विशिष्ट वर्ग नाही, तेथे त्या वर्गाचा गौरवही असू शकत नाही, हे उघड आहे.

असा विशिष्ट वर्ग रोममध्ये निर्माण झाला, आणि त्याबरोबर गौरवाचा प्रश्नही निर्माण झाला. ऑगस्टसच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात एग्नाशियस रूफस नावाच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या खर्चाने माणसांचे एक पथक उभारून रोममधील आगी विझविण्याचे काम चालविले. त्यामुळे तो इतका लोकप्रिय झाला, की जनतेने त्याला वरच्या पदावर निवडून दिले. पुढे कॉन्सलपदाची त्याची आकांक्षा फेटाळली गेली व इसवी सनापूर्वी १९ च्या सुमारास कटाच्या आरोपावरून त्याला देहदंड झाला. ह्या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. आग विझविणाऱ्याला लोकांचे जे प्रेम लाभते ते राजकीय बळ देणारे असते, आणि म्हणूनच सत्ताधाऱ्यांना ते संशयास्पद वाटते. बिथिनियाचा प्रांताधिकारी प्लिनी ह्याने निकोमीडिया नगरातील मोठ्या आगीनंतर दीडशे माणसांचा अग्निशामक संघ स्थापण्याची परवानगी मागितली, तेव्हा ट्रेजन बादशहाने ती नाकारली. असे संघ कालांतराने राजकीय गट बनतात, हे त्याचे कारण होते.

स्वतः ऑगस्टसने मात्र इसवी सन ६ मध्ये 'विजिलेस' नावाचे शासकीय पथक स्थापन केले. त्याच्या सात तुकड्या होत्या आणि प्रत्येकीकडे नगराचे दोन विभाग सोपविलेले होते. ह्या पथकात प्रामुख्याने दास्यमुक्त लोकांची भरती होई. इसवी सन २४ च्या एका कायद्यान्वये, विजिलेसमध्ये सहा वर्षे सेवा केलेल्या अशा माणसास पूर्ण रोमन नागरिकत्व मिळू लागले. पुढे ही मुदत तीन वर्षांवर आली. अग्निशामकांच्या दीर्घ सेवेला मिळालेल्या मान्यतेचे हे बहुधा सर्वांत जुने ज्ञात उदाहरण असावे. त्यातील तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. येथे कोणत्याही एका पराक्रमाची चौकशी नाही. ठराविक काळ काम केले, एवढाच पुरावा पुरेसा आहे. आणि त्याचे फळ म्हणजे ज्या नगराचे रक्षण केले त्या नगराचे पूर्ण सदस्यत्व.

२. स्वयंसेवक व विमा कंपन्या

अर्वाचीन काळात ह्या सेवेचे दोन प्रवाह दिसतात. अमेरिकेत स्वयंसेवी पथकांची परंपरा प्रबळ ठरली. बेंजामिन फ्रँकलिन ह्याने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात काढलेली युनियन फायर कंपनी तिच्या आरंभकाळातील होय. स्वयंसेवकाला वेतन नसल्यामुळे त्याच्या सेवेची परतफेड नागरी सवलतींच्या रूपाने करावी लागे. न्यूयॉर्कसारख्या राज्यात ठराविक वर्षे सेवा केलेल्या स्वयंसेवकास ज्यूरीच्या व मिलिशियाच्या कामातून सूट मिळे. एक नागरी कर्तव्य पुरेसे पार पाडणाऱ्यास दुसऱ्यातून मुक्तता, असा हा हिशेब होता. सिनसिनाटीने १८५३ मध्ये व न्यूयॉर्कने १८६५ मध्ये वेतन देऊन अग्निशामक नेमण्याची पद्धती स्वीकारली. त्यानंतर सवलतींची जागा पदकांनी घेतली. न्यूयॉर्कच्या दलातील जेम्स गॉर्डन बेनेट पदक १८६९ मध्ये सुरू झाले, आणि ते शौर्याबद्दल दिले जाणारे पदक होते. सेवा वेतनाची झाली, की सेवाकाळाचा मोबदला वेतनात व निवृत्तिवेतनात मिळाला असे मानले जाते, आणि गौरवासाठी वेतनापलीकडचे काहीतरी असाधारण शोधले जाते. हे असाधारण कृत्य म्हणजे बहुधा धाडस.

ब्रिटनमध्ये दुसरा प्रवाह दिसतो. तेथे आगविम्याच्या कंपन्यांनी आपल्या विमेदारांच्या मालमत्तेसाठी स्वतःची पथके बाळगली होती. ह्या व्यवस्थेतूनच आधुनिक अग्निशमनदलाचा पाया घालणारा पुरुष पुढे आला. त्याचे चरित्र ह्या विषयाच्या दृष्टीने इतके उद्बोधक आहे, की त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे युक्त होईल.

३. जेम्स ब्रेडवुड : कार्य आणि कीर्ती

जेम्स ब्रेडवुड ह्याचा जन्म १८०० मध्ये एडिंबरो येथे झाला. १८२४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्या नगराच्या नव्या अग्निशमनदलाचे प्रमुखपद त्याला मिळाले. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, एडिंबरोच्या जुन्या भागात प्रचंड आग लागली. दल नवखे होते; आणि त्याहून मोठी अडचण अशी, की घटनास्थळी हुकूम कोणाचा चालावा हे ठरलेले नव्हते. नगराचे अनेक अधिकारी आपापल्या परीने आज्ञा देत राहिले. ह्या अनुभवानंतर आगीच्या जागी एकाच अधिकाऱ्याची आज्ञा चालावी, हे तत्त्व मान्य झाले. आज ते इतके स्वाभाविक वाटते, की त्यासाठी कोणाला झगडावे लागले असेल ह्याची कल्पनाही येत नाही.

ब्रेडवुडच्या कार्याचे मर्म त्याच्या पद्धतीत आहे. त्याने गवंडी, सुतार, लोहार, नळकाम करणारे व छप्पर शाकारणारे कारागीर निवडून दलात घेतले, कारण ज्याला इमारत कशी बांधतात हे ठाऊक असते, त्यालाच ती कशी कोसळेल ह्याचा अंदाज येतो. त्यांना तो भल्या पहाटे, अंधारात कवायत करावयास लावी. रस्त्यावर उभे राहून ज्वाळांवर पाणी उडविण्याची रूढ रीत सोडून, इमारतीत शिरून आगीच्या मुळाशी पाणी पोहोचविण्याचे शिक्षण त्याने दिले. १८३० मध्ये त्याने अग्निशामक यंत्रे, माणसांचे शिक्षण व आगीच्या वेळची कार्यपद्धती ह्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८३३ मध्ये लंडनमधील विमा कंपन्यांनी आपली पथके एकत्र करून एकच संस्था स्थापिली आणि तिच्या प्रमुखपदी त्याला बोलावून घेतले. सुमारे ऐंशी माणसांच्या बळावर त्याने त्या महानगराचा कारभार अठ्ठावीस वर्षे पाहिला. १८३४ मध्ये पार्लमेंटची इमारत जळाली त्या वेळी वेस्टमिन्स्टर हॉल वाचला, त्यात त्याच्या दलाचा वाटा मोठा होता. सार्वजनिक इमारतींच्या सुरक्षिततेविषयी त्याचा सल्ला घेतला जाई, आणि नदीकाठच्या अवाढव्य गोदामांपासून संभवणाऱ्या धोक्याची जाणीवही त्याने वारंवार करून दिली होती.

२२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील अशाच गोदामांना आग लागली. ताग, अंबाडी, कापूस, साखर, चरबी असा माल तेथे भरलेला होता. दमलेल्या माणसांना उत्तेजन देत व त्यांच्या पेयाची व्यवस्था पाहत ब्रेडवुड फिरत असता एक भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली सापडून मरण पावला. आग पूर्णपणे विझावयास सुमारे पंधरवडा लागला. २९ जून रोजी त्याची अंत्ययात्रा निघाली. ती सुमारे दीड मैल लांब होती, आणि नगरातील चर्चच्या घंटांचा नाद तिच्या सोबतीस होता. राजघराण्याबाहेरच्या व सैन्याबाहेरच्या माणसास असा मान लाभणे त्या काळी विरळाच.

ह्या गौरवाचे निमित्त काय होते, हे तपासले असता एक विसंगती दृष्टीस पडते. ब्रेडवुडने सदतीस वर्षांत जे निर्माण केले ते लंडनच्या बहुसंख्य नागरिकांच्या नजरेस कधी आलेच नव्हते. एका संध्याकाळच्या त्याच्या मृत्यूने ते सर्वांस दिसले. टूली स्ट्रीटच्या नुकसानीने विमा कंपन्यांचे कंबरडे मोडले. हा भार आपल्याला पेलणार नाही, असे त्यांनी सरकारला कळविले. १८६५ मध्ये कायदा होऊन १ जानेवारी १८६६ पासून लंडनचे सार्वजनिक अग्निशमनदल अस्तित्वात आले. म्हणजे त्याच्या सेवेचे खरे स्मारक एक कायदा व एक संस्था ह्या रूपाने उभे राहिले. एडिंबरोत त्याचा पुतळा मात्र २००८ मध्ये उभारला गेला.

त्याच्या मागून आलेला कॅप्टन आयर मॅसी शॉ ह्याची कथा ह्याच्या उलट आहे. त्याने १८६१ पासून १८९१ पर्यंत तीस वर्षे लंडनच्या दलाचे नेतृत्व केले. दूरयंत्र व तारायंत्र ह्यांचा उपयोग, वाफेवर चालणारे बंब, ठाण्यांचे जाळे, पितळी शिरस्त्राणाचा गणवेश ह्यांमुळे हे दल लोकांच्या कौतुकाचा विषय झाले. १८८२ च्या 'आयोलांथे' ह्या संगीतिकेत त्याचा नामोल्लेख होण्याइतकी त्याची प्रसिद्धी होती. नव्या कौंटी कौन्सिलशी मतभेद होऊन तो निवृत्त झाला, तेव्हा त्याला सर ही पदवी मिळाली. जिवंतपणी, कर्तृत्वाच्या जोरावर व पूर्ण सेवेअंती गौरव मिळालेला अग्निशमनदलाचा नेता म्हणून शॉ महत्त्वाचा आहे. तथापि हेही लक्षात ठेवावयास हवे, की हा मान दलाच्या प्रमुखास मिळाला. त्याच्या हाताखाली तितकीच वर्षे शिडी व नळी वाहणाऱ्या माणसास तसा मान देण्याची सोय त्या काळच्या व्यवस्थेत नव्हती.

४. पदकांचे तर्कशास्त्र

ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. ब्रिटिश साम्राज्यात १९०९ मध्ये पोलिस व अग्निशमनदल ह्यांसाठी मिळून एक पदक स्थापन झाले. आरंभी शौर्य आणि विशेष सेवा ह्या दोन्हींसाठी ते एकच होते. १९३३ मध्ये त्यावर 'शौर्याबद्दल' किंवा 'विशेष सेवेबद्दल' असा भेद कोरला जाऊ लागला. १९४० मध्ये, लंडनवरील बाँबहल्ल्यांच्या काळात, पदकाच्या नावात अग्निशमनसेवेचा स्पष्ट निर्देश आला. १९५४ मध्ये पोलिसांपासून वेगळे असे अग्निशमनसेवेचे पदक निघाले, आणि त्याच वर्षी दीर्घ सेवा व सद्वर्तन ह्यांसाठी आणखी एक पदक सुरू झाले. वीस वर्षांची सेवा पुरी करणाऱ्या कोणत्याही दर्जाच्या अग्निशामकास, मग तो पूर्णवेळ असो वा अंशकालीन, ते मिळू लागले.

ह्या क्रमातून गौरवाचे तीन निरनिराळे प्रकार स्पष्ट होतात. शौर्यपदकास एक घटना लागते. तिला दिनांक असतो, स्थळ असते, साक्षीदार असतात. त्यामुळे त्याची सिद्धता सोपी असते. परंतु घटना घडणे न घडणे अग्निशामकाच्या हाती नसते. शांत वस्तीतील ठाण्यावर वीस वर्षे काढणाऱ्यास ती संधी कदाचित येणारही नाही. शिवाय अग्निशमनाच्या शास्त्रात अनावश्यक धाडस हा गुण समजला जात नाही. सहकाऱ्यांस सुरक्षितपणे माघारी आणणाऱ्या अधिकाऱ्याचा विवेक साक्षीदारांच्या डोळ्यांत भरत नाही; आत उडी घेणाऱ्याचे साहस मात्र भरते.

दीर्घसेवापदकास कालावधी लागतो. त्याचा मोठा गुण असा, की त्यात कोणाच्या मर्जीला वाव नाही. हजेरीपुस्तक व वर्तनाची नोंद एवढ्यावर ते मिळते. नळी धरणारा व दलाचा प्रमुख ह्यांस ते सारख्याच अटीवर लाभते. त्याचा दोष हाच, की उत्तम आणि बरा ह्यांत ते भेद करीत नाही. परंतु हा दोषही तपासून घ्यावा लागतो. अग्निशमन हे सामूहिक कर्म आहे. पंप चालविणारा, शिडी धरणारा, आत जाणारा आणि ठाण्यावर दूरध्वनी घेणारा ह्यांपैकी एकाने हयगय केली तर इतरांचे जीव धोक्यात येतात. ज्या कर्मात प्रत्येकाने आपला वाटा न चुकता उचलणे हाच यशाचा पाया आहे, तेथे वीस वर्षे न चुकणे ही सामान्य गोष्ट म्हणता येणार नाही.

तिसरा प्रकार विशेष सेवेच्या पदकाचा. त्यास निर्णय लागतो. कोणी दल सुधारले, कोणी माणसे घडविली, कोणी नगरास सावध केले, हे कोणीतरी पाहून, तोलून, शिफारस करून सांगावे लागते. त्यामुळे खऱ्या नेतृत्वाचा गौरव ह्याच मार्गाने होऊ शकतो. पण शिफारस वरिष्ठांकडून येते, वरिष्ठांस जवळचे अधिक दिसते, आणि कागदावर मांडता येणारे काम न मांडता येणाऱ्या कामाच्या पुढे जाते. पदाच्या उतरंडीत जो खाली, त्याची सेवा ह्या मार्गाने पुढे येण्याचा संभव कमी.

भारतात १ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपतींचे पोलिस व अग्निशमनसेवा पदक स्थापन झाले. पुढे अग्निशमनसेवेसाठी शौर्य, विशिष्ट सेवा व गुणवत्तापूर्ण सेवा ह्यांची स्वतंत्र पदके आली. प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी त्यांची घोषणा करण्याचा प्रघात आहे. २०२३ मध्ये पोलिस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण आणि कारागृहसेवा ह्यांची मिळून असलेली सोळा पदके एकत्र करून त्यांची चार पदके करण्यात आली : शौर्याची दोन, विशिष्ट सेवेचे एक व गुणवत्तापूर्ण सेवेचे एक. शौर्याच्या बाबतीत पत्करलेल्या धोक्याचे मोजमाप संबंधित अधिकाऱ्याची कर्तव्ये ध्यानात घेऊन करावयाचे असते. गुणवत्तापूर्ण सेवेच्या बाबतीत साधनसंपन्न बुद्धी व कर्तव्यनिष्ठा ह्या कसोट्या आहेत. ह्यांपैकी पहिली अट विशेष मार्मिक आहे. आगीत शिरणे हे ज्याचे कर्तव्यच आहे, त्याच्या बाबतीत शौर्याची मर्यादा साहजिकच वर सरकते. सामान्य नागरिकाने केले असता जे असामान्य ठरेल, ते अग्निशामकाने केले तर ती त्याची रोजची नोकरी समजली जाते. ह्या रोजच्या नोकरीचे मोल करावयाचे तर सेवेच्या पदकांकडेच वळावे लागते.

५. मुंबई, १४ एप्रिल १९४४

भारतातील अग्निशमनसेवेचा स्मृतिदिन एका मराठी माणसांच्या नगरीशी निगडित आहे. १२ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज कराचीहून मुंबईस आले व व्हिक्टोरिया गोदीत लागले. जहाजावर सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्याबरोबर कापसाच्या गासड्याही होत्या. १४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर येताना दिसला. मुंबईच्या दलाने नऊशे टनांहून अधिक पाणी आत सोडले. परंतु आगीचे मूळ सापडले नाही. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आतच दुसरा, त्याहून भयंकर. सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्या हादऱ्याची नोंद झाली. अग्निशमनदलातील ६६ माणसे त्या दिवशी मृत्यू पावली. नगरातील एकूण प्राणहानी सातशेच्या वर होती.

नॉर्मन कूम्ब्स हा त्या वेळी दलाचा प्रमुख होता. जहाज बुडवावे, बंदराबाहेर ओढून न्यावे, की जागच्या जागी आग विझवावी, ह्याविषयी त्या दोन तासांत निश्चित निर्णय झाला नाही. जहाजाचा कप्तान, गोदीचे व्यवस्थापन, दारूगोळ्याचे जाणकार व अग्निशमनदल ह्यांच्यात अधिकार विभागलेला होता. एडिंबरोमध्ये १८२४ साली जो धडा मिळाला होता, तोच एकशेवीस वर्षांनी मुंबईच्या गोदीत कितीतरी मोठ्या किमतीस पुन्हा मिळाला. निर्णय होत नव्हता तोवर जहाजावर उभी असलेली दलाची माणसे मात्र आपल्या जागा सोडून गेली नाहीत.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमनसेवा दिन म्हणून पाळला जातो. भायखळा येथील मुख्यालयात व इतरत्र हुतात्म्यांस मानवंदना दिली जाते. ह्या प्रथेचा एक विशेष बारकाईने पाहण्याजोगा आहे. १४ तारीख ही मृतांच्या स्मरणाची असली, तरी १४ ते २० एप्रिल हा सबंध आठवडा अग्निप्रतिबंधाच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेला आहे. शाळांतून, कारखान्यांतून व वसाहतींतून प्रात्यक्षिके होतात. विजेच्या तारा, स्वयंपाकाचा गॅस, जिन्यातील अडगळ ह्यांविषयी सांगितले जाते. एक दिवस शौर्याला व सहा दिवस सेवेला, अशी ही वाटणी आहे. गौरवाच्या शास्त्रात जो मेळ घालणे कठीण जाते, तो ह्या साध्या प्रथेने बऱ्याच अंशी साधला आहे.

६. न लागलेल्या आगीचा हिशेब

समाजसेवा ह्या दृष्टीने अग्निशामकाचे सर्वांत मोठे काम प्रतिबंधाचे असते, आणि गौरवास सर्वांत अवघड तेच असते. जी आग लागली नाही तिची नोंद कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. एखाद्या अधिकाऱ्याने चित्रपटगृहाचा बंद ठेवलेला दरवाजा उघडा ठेवण्यास भाग पाडले, तर त्यामुळे किती जीव वाचले हे कोणीही सांगू शकणार नाही. उलट त्या दिवशी त्याच्याविरुद्ध तक्रार जाण्याचाच संभव अधिक. विझविलेल्या आगीबद्दल धन्यवाद मिळतात. टाळलेल्या आगीबद्दल बहुधा रोष पदरी येतो.

ह्या कामाचे महत्त्व कायद्याने मात्र उत्तरोत्तर मान्य केले आहे. १९५५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने स्थायी अग्निसल्लागार समिती नेमली. १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ मध्ये नागपुरास आले. देशातील अनेक दलांचे अधिकारी तेथे घडले आहेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर व भोगवटादारावर टाकली असून, ती सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा सादर करावा लागतो. कौटिल्याच्या नियमांतील घड्यांची व शिडीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच, की आता ह्या नियमांच्या अंमलामागे तज्ज्ञ सेवकांचा एक वर्ग उभा आहे.

ह्या वर्गाची प्रशासकीय स्थिती गौरवाच्या प्रश्नाशी निगडित आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने, १९९२ मध्ये, जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमनसेवेचा समावेश नगरपालिकांच्या विषयांत आहे. म्हणजे पदक राष्ट्रपतींच्या नावाने मिळते. परंतु वेतन, बढती, साधने, वैद्यकीय साहाय्य व राहण्याची जागा ह्या गोष्टी बहुतेक ठिकाणी नगरसंस्थेच्या तिजोरीवर अवलंबून असतात. मोठ्या महानगरपालिकेचे दल व लहान नगरपरिषदेचा एका बंबाचा बंबखाना ह्यांत ह्या बाबतीत फार अंतर पडते. ज्या दलात नोंदी नीट ठेवल्या जातात व शिफारशी वेळेवर जातात, त्या दलातील माणूस दिसतो; जेथे तसे होत नाही, तेथे तेवढीच सेवा केलेला माणूस मुकाट्याने निवृत्त होतो.

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवी येथील गोकुळ निवास ह्या जुन्या इमारतीस आग लागली. रहिवाशांची सुटका झाली. पण इमारत कोसळून व भाजून दलाचे चार अधिकारी मृत्यू पावले. त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर हे होते. टूली स्ट्रीटशी ह्या घटनेचे साम्य उघड आहे. दोन्ही ठिकाणी दलाचा प्रमुख आपल्या माणसांसमवेत भिंतीच्या टप्प्यात उभा होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या अनेक वर्षांच्या सेवेची ओळख नगरास त्याच्या अंत्यदर्शनाच्या वेळी झाली. दीडशे वर्षांच्या अंतराने हीच गोष्ट पुन्हा घडावी, ह्यातच गौरवाच्या रूढ पद्धतीतील न्यून दिसून येते. मृत्यू हा सेवेचा सर्वांत ठळक पुरावा खरा; परंतु तो एकमेव पुरावा ठरता कामा नये.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. शौर्याचा गौरव आवश्यक आहे, कारण समाजाची कृतज्ञता त्यातून तत्काळ प्रकट होते. परंतु केवळ त्यावर भर दिल्यास सावधपणा, शिस्त व प्रतिबंध हे ह्या सेवेतील मुख्य गुण झाकोळून जातात. दीर्घ सेवेचा गौरव सर्व दर्जाच्या सेवकांस समान अटीवर मिळावा, हेच त्याचे बळ होय. त्यास निवडीचे स्वरूप दिले तर ते बळ जाते. नेतृत्वाचा गौरव करताना प्रमुखाच्या पदापेक्षा त्याने मागे काय ठेवले ह्याकडे पाहणे योग्य ठरेल : किती माणसे घडविली, कोणती पद्धती रुजविली, कोणता नियम नगराच्या अंगवळणी पाडला. ब्रेडवुडचे मोठेपण ह्याच कसोटीवर सिद्ध होते, त्याचा अंत कसा झाला ह्यावर ते अवलंबून नाही.

अभ्यासकांच्या दृष्टीने ह्यातून एक कार्यक्षेत्रही सूचित होते. अग्निशमनदलांची वर्दीपुस्तके, सेवापुस्तके, तपासणीचे अहवाल व कवायतीच्या नोंदी ही नागरी इतिहासाची व लोकप्रशासनाची मौलिक साधने आहेत. कोणत्या वस्तीत किती वेळा बंब गेला, किती वेळाने पोहोचला, कोणत्या इमारतीविषयी पूर्वसूचना दिली होती व तिचे पुढे काय झाले, हे त्यांतून कळू शकते. अशा नोंदी सांभाळल्या गेल्या व अभ्यासिल्या गेल्या, तर न लागलेल्या आगीचाही काही हिशेब मांडता येईल. निवृत्त होणाऱ्या अग्निशामकास निरोप देताना त्याच्या तीस वर्षांविषयी चार शब्द निश्चितपणे बोलता यावेत, एवढी सामग्री त्या हिशेबात असेल. शाल आणि श्रीफळ ह्यांचा मान मोठाच आहे. त्याबरोबर त्याने केलेल्या कामाची अचूक नोंद वाचून दाखविली गेली, तर तो गौरव अधिक यथार्थ होईल.